गाडी डावीकडे का ओढत होती, ते अखेर सापडलं

मंडळी, सापडलं एकदाचं! माझ्या रिमोटवरच्या ट्रकचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) निर्दोष, रिसीव्हर (रिमोटचे संकेत घेणारा) निर्दोष, मोटरही निर्दोष. अठरा दिवस मी वायरी कापतोय, जोडतोय, डाग देतोय, आणि ज्या दोषामागे लागलो होतो त्याचा विजेशी काडीचाही संबंध नव्हता.

आधी मागच्या वेळी गाडी कुठे सोडली होती ते सांगतो. तोच १:१६ चा हिरवा ट्रक. पाच वायरींचा मूळ सर्व्हो आणि रिसीव्हर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) एकत्र असलेला बोर्ड काढून टाकला. त्या जागी तीन वायरींचा एमजी ९०एस सर्व्हो, वेगळा २० अँपिअरचा ब्रश्ड ईएससी, फ्लायस्काय एफएस-आय६ चा रिसीव्हर आणि दोन सेलची ७.४ व्होल्टची लायपो बॅटरी. पुढचे स्प्रिंगचे पाटे कडक वाटत होते म्हणून दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढून टाकले होते. त्यानंतर चाक दगडावर सुरेख चढायला लागलं. त्या पाट्यांकडे परत येतोच.

मोटरचं काम मात्र अगदी मनासारखं झालं. मूळ मोटर १३० च्या मापाची. नवी ३७०, तिच्या डबीचा व्यास २४.४ मिमी, त्यामुळे गिअरबॉक्सच्या तोंडात ती बसेना. नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीतून २ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा आणला आणि त्यातून अडॅप्टर प्लेट कापली. असा कच्चा माल इतवारीतूनच घ्यावा, हे माझं मत आता पक्कं झालंय. बर्डीत मोदी नंबर तीनच्या बाजारात सर्व्हो, कनेक्टर, हीट श्रिंक सगळं हाताशी मिळतं, पण वीतभर पट्टी मागितली की दुकानदार आपल्या तोंडाकडे बघतो.

शाफ्ट दोन्ही मोटरींचा २ मिमीच, म्हणून जुनंच पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) चाललं. प्लेटची भोकं गोल न ठेवता बारीक कानशीने लांबट केली, म्हणजे मोटर सरकवून दात जुळवता येतात. पिनियन आणि स्परच्या (त्याला जुळणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाच्या) मध्ये वर्तमानपत्राची पट्टी घातली, मोटर दाबून स्क्रू आवळले, मग स्पर हाताने फिरवून पट्टी बाहेर काढली. पट्टीवर दातांच्या घड्या एकसारख्या उमटल्या पाहिजेत आणि कागद फाटता कामा नये. पहिल्या तीन फाटल्या. चौथी अशी निघाली की जणू कुणी नखाने चुण्या घातल्यात! ती मी वहीत चिकटवून ठेवलीय. आधी फाटकासमोरच्या उतारावर ट्रक पूर्ण थ्रॉटलवर कण्हत चढायचा, आता अर्ध्यावर सहज जातो.

पण थ्रॉटल दिला की पुढची चाकं डावीकडे वळायला लागली. ट्रान्समीटरचं स्टिअरिंग मधोमध, ट्रिम शून्यावर, तरीही. रिकाम्या फरशीवर थोडीशी, चढावर जास्त, आणि दगडाला चाक अडलं की सरळ कचकन डावीकडे. भरीला सर्व्होची थरथरही होती. दोन्ही लक्षणं ३७० बसवल्यावरच सुरू झाली, त्यामुळे ती एकाच आजाराची असणार असं मी धरून चाललो. सगळा घोळ तिथेच झाला.

मोठी मोटर म्हणजे ब्रशच्या ठिणग्या जास्त, म्हणून पहिला संशय नॉइजचा, म्हणजे त्या ठिणग्यांनी रिसीव्हरच्या संकेतात होणाऱ्या गोंधळाचा. १०४ चे तीन कपॅसिटर लावले, एक दोन्ही टर्मिनलच्या मध्ये आणि एकेक टर्मिनलपासून डबीला. डबी कानशीने घासून चमकवल्याशिवाय तिथे टाका धरत नाही, हे नव्याने करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मोटरच्या वायरींना पीळ दिला, रिसीव्हरची अँटेना मोटरपासून दूर नेली. थरथर थोडी कमी झाली, ओढ होती तशीच.

दुसरा संशय बीईसीचा, म्हणजे रिसीव्हर-सर्व्होला ५ व्होल्ट पुरवणाऱ्या भागाचा. मल्टिमीटर रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनलला लावून चाकं हाताने अडवली आणि स्टिअरिंग पूर्ण दिलं. ५ व्होल्टचे ४.१ झाले! ईएससीमधला बीईसी एवढासा, त्यात सर्व्हो अडला की करंट ओढतो, मग थरथर होणारच. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा वेगळा यूबीईसी बसवला आणि ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून टेप लावला, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भिडतात. थरथर पूर्ण थांबली. त्या रात्री मी सर्व्हो नुसताच डावी-उजवीकडे फिरवत बसलो होतो, इतका तो स्वच्छ चालत होता.

ओढ मात्र तशीच राहिली.

मग संशय सर्व्होवर गेला. ऑनलाइन मागवलेले आणखी दोन उघडून पाहिले. त्यातल्या एकाचं मोटरला लागून असलेलं पहिलं गिअर चक्क प्लास्टिकचं निघालं, वरची तेवढी पितळी. खऱ्या एमजी ९०एसचं वजन १३.४ ग्रॅम असतं. दागिन्यांच्या छोट्या काट्यावर तोलून घ्या, फारच वेगळं भरलं तर संशय घ्या. मी तर आता स्वतः तोलल्याशिवाय सर्व्हो घेणारच नाही. चांगल्यातला चांगला बसवला तरी गाडी डावीकडेच.

परवा संध्याकाळी अंगणात ट्रक भिंतीला टेकवून तेच तेच करत होतो. वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, उभं आयुष्य पाट्यांच्या गाड्यांखाली गेलेलं. थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, “मागं घेताना कुठं ओढते रे?”

मी रिव्हर्स दिला. उजवीकडे.

“मग वायरिंगमध्ये काय पाहून राहिला? खाली वाक, चेसिस पाह्य.”

वाकून पाहिलं. पुढे जाताना चेसिसची डावी बाजू वर उठत होती आणि उजवी खाली बसत होती. रिव्हर्समध्ये बरोबर उलट. प्रोपेलर शाफ्ट (मोटरचा जोर ॲक्सलपर्यंत नेणारा दांडा) ॲक्सलला ज्या दिशेने पीळ देतो त्याच्या उलट दिशेने चेसिसला पीळ बसतो, हे आपल्याला सगळ्यांना पुस्तकातून माहीत आहे. माझ्या डोळ्यांसमोर ते रोज घडत होतं आणि मी मल्टिमीटरच्या आकड्यांत अडकलो होतो. नॉइज असता तर रिव्हर्समध्ये ओढीने अशी इमानदारीने बाजू बदलली नसती.

खात्रीसाठी सर्व्होचा प्लगच उपटला. हॉर्न (सर्व्होचा फिरणारा हात) मधोमध ठेवून तारेने घट्ट बांधला आणि ट्रक भिंतीला टेकवून थ्रॉटल दिला. सर्व्होला वीजच नाही, हॉर्न जागचा हलत नाही, आणि चाकं डावीकडे वळली! मी जोरात ओरडलो. काका हसत वर निघून गेले.

आता भूमिती. एमजी ९०एस जुन्या खाचेत मावत नव्हता म्हणून मी तो चेसिसच्या डाव्या पट्टीवर उभा ठोकला होता. त्यामुळे हॉर्नचा बॉल उजव्या नकलच्या (चाकासोबत वळणाऱ्या सांध्याच्या) बॉलपेक्षा २४ मिमी उंच, आणि त्या दोघांना जोडणारी ६० मिमीची ड्रॅग लिंक छपराच्या वाशासारखी तिरपी. डावी बाजू ५ मिमी उठली की उंची २९ होते. पायथागोरस लावा: लिंकचा आडवा पल्ला ५५.० मिमीवरून ५२.५ वर येतो. हे अडीच मिमी कुठून तरी यायलाच हवेत, ते नकलला ओढून येतात. नकलचा हात १२ मिमीचा आणि ॲक्सलच्या पुढच्या बाजूला आहे, म्हणजे चाक जवळपास १२ अंश डावीकडे. चाकाखाली कागद ठेवून कोनमापकाने मोजलं तर १४ भरले. उरलेले २ कशाचे तेही कळलं. शॅकलची (पाट्याचं टोक चेसिसला टांगणाऱ्या कडीची) भोकं इतकी सैल आहेत की बोटाने ढकललं तरी ॲक्सल आडवा सरकतो.

थोडक्यात, जास्त ताकदीची मोटर, मी मऊ केलेले पाटे आणि मी उंच बसवलेला सर्व्हो, तिघांनी मिळून हे केलं. मूळ मोटरला चेसिस उचलण्याइतका जोरच नव्हता, म्हणून तेव्हा काही दिसलं नाही.

उपाय दोन केले. सर्व्हो पट्ट्यांच्या मध्ये आडवा झोपवून हॉर्न १८ मिमी खाली आणला. उंचीचा फरक आता ६ मिमी. तीच ५ मिमीची उचल झाली तर पल्ला ५९.७ वरून ५९.० होतो, म्हणजे हिशेबाने साडेतीन अंश. त्यावर पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला चेसिसशी आडवा जोडणारा दांडा) बसवला, ड्रॅग लिंकला समांतर आणि बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंत तितकाच ६० मिमी. चेसिस उठली की दोन्ही दांडे सारख्याच कमानीत फिरतात, लिंक जितकी ओढते तितकाच ॲक्सलही त्याच बाजूला सरकतो आणि चाक वळत नाही. पाट्यांच्या गाडीला पॅनहार्ड कशाला, असं काही जण म्हणतील. आपल्या मापाच्या शॅकलमध्ये जितकी ढिलाई असते तितकी असेल, तर हवाच.

रॉड सायकलच्या स्पोकचा केला. साधा स्पोक २ मिमीचा असतो, त्याच्यावर एम२ ची डाय चालते. एक गोष्ट जपा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे आणि प्रत्येक वेळी थेंबभर शिलाई मशीनचं तेल, नाहीतर आटे उखडतात. दोन स्पोक वाया गेले. तिसऱ्यावर बॉल एंड असा घट्ट आणि सरळ चढला की लॉकटाइटची बाटली उघडलीच नाही.

आता भिंतीला टेकवून पूर्ण थ्रॉटल दिला तर कोनमापकावर जेमतेम एक अंश. रिव्हर्समध्येही तितकाच.

एक अडचण उरलीय. सर्व्हो खाली आल्याने पाटे पूर्ण दबले की डिफचा गोळा (ॲक्सलच्या मधली गिअरची फुगीर डबी) त्याच्या पोटाला लागतो. सध्या जुन्या चपलेच्या रबराचे ४ मिमीचे तुकडे बंप स्टॉप म्हणून चिकटवलेत, पण त्याने वरचा प्रवास कमी झाला आणि दगडावर चाक पूर्वीइतकं चढत नाही. पुढे एकेक पाटा परत घालावा असं सकाळपर्यंत डोक्यात होतं. पण हे लिहिताना वाटतंय, सर्व्हो सरळ ॲक्सलवरच का नको? हॉर्न आणि नकल दोन्ही ॲक्सलवर असले की चेसिस कितीही पिळो, लिंकला त्याचा पत्ताच लागणार नाही. पॅनहार्डचं काम फक्त ॲक्सल जागेवर धरायचं. गोळा सर्व्होला लागायचा प्रश्न नाही. वायरला ढील ठेवावी लागेल, आणि पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल थेट सर्व्होवर थापला जाईल, त्याला डबी करावी लागेल. वजन वाढलं तर पुढे आणि खाली वाढेल, आणि ते मला हवंच आहे.

हवं आहे ते तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लहान मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्यासाठी. यंदा भाचीचा लाकडी नंदी हा ट्रक ओढणार, असा शब्द देऊन बसलोय. नंदी भरला १ किलो ८०० ग्रॅम. काल संध्याकाळी सुतळीने बांधून अंगणातल्या फरशीवर ओढून पाहिला. सतत भार आणि सतत थ्रॉटल, म्हणजे पिळाची खरी परीक्षा. आठवड्यापूर्वी हा ट्रक नंदीला घेऊन डावीकडच्या तुळशी वृंदावनावर गेला असता. काल फरशीच्या एकाच सांध्यावरून पाच मीटर गेला, मागे नंदीची चाकं करकरत होती आणि भाची टाळ्या वाजवत होती. पुढची चाकं मात्र थोडी हलकी पडत होती, सुतळी फार वर बांधली होती. हुक मागच्या ॲक्सलच्या उंचीच्या खाली घ्यायचा.

ॲक्सलवरच्या सर्व्होचा पुठ्ठ्याचा साचा कापून झालाय. डिफच्या गोळ्यावर तो बसतोय, फक्त डावीकडच्या स्क्रूला पेचकस पोचत नाही. तिथे ॲलन बोल्ट चालेल का, की प्लेटच तिरपी कापू? कुणी केलं असेल तर फोटो टाका, पट्टी रविवारी कापणार आहे.