कापा की बरका

१६ मे

रानमोडी दोन दिवसांत निघाली. घाणेरीने हात ओरबाडले ते वेगळंच. खरी झटापट फणसाच्या खुंटाशी. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात झाड मुळांसकट आडवं झालं होतं. करवत लावून वरचं लाकूड वेगळं केलं तसा बुंधा आपल्याच वजनाने खड्ड्यात परत उभा राहिला, तो आजवर. पोफळींचे खुंट कधीच कुजून गेले, हा नाही. पाखाडीतून जेसीबी येत नाही, म्हणून पहार, कुदळ आणि कुऱ्हाड. नंदूला तिथे डेक हवाय. (मागीलदारचा ओटा म्हटलं की पाहुणे जास्तीचे पैसे देत नाहीत म्हणे.)

तिसऱ्या दुपारी गडी घाम पुसत म्हणाला, "काका, कापा होता की बरका?"

आणि मला आठवेना.

सांदणं आठवतात, म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांचा बरका. पण माई गरे तळायची, कढईत मिठाच्या पाण्याचा हबका मारला की चर्र व्हायचं, तेही आठवतं. म्हणजे घट्ट गऱ्यांचा कापा. दोन्हींतलं एक शेजारून यायचं असणार. कुठलं? तीस वर्षं पुण्यात काढली, कबूल. पण मागीलदारचं झाड? इतकं कसं पुसलं जातं? बाबा असते तर... जाऊ दे.

रात्री माईला विचारलं. आमसुलांना आगळ लावता लावता, वर न बघता म्हणाली, "बरका." लगेच दादाला फोन. "कापा! वेड लागलंय का तुला?" दोघंही ठाम. शेवटी आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, "फणस कुठला? तिथे रायवळ होता ना?"

मग मात्र हसू फुटलं. दिवसभर उगाच स्वतःला कोसत बसलो. आत्या तरी बाद: कुऱ्हाडीच्या घावागणिक हळदीसारख्या पिवळ्या ढलप्या उडत होत्या, आंब्याच्या कुठून उडणार? कापा की बरका, ते मात्र ढलप्यांवरून कळत नाही.

१८ मे

खुंट निघाला. चौघांना उचलवेना, म्हणून विहिरीपाशी लोळवून ठेवलाय. सकाळी बघतो तर माईने त्यावर ताट ठेवून आमसुलं वाळत घातलेली.

नंदू म्हणाला, "आजी, डेकच्या फोटोत हे येईल."

"येऊ दे," माई म्हणाली. "आणि तो बरकाच होता."