होलवरचा प्लाय

पुण्यात वाकडला एका बांधकामाच्या साईटवर मी सेफ्टी ऑफिसर आहे. त्या दिवशी सकाळी नव्या शटरिंग गँगचं, म्हणजे स्लॅबसाठी प्लायचा साचा बांधणाऱ्यांचं, इंडक्शन घेतलं. कामाआधी धोके समजावून सांगायचे. उंचीवरून पडणं, वरून काही अंगावर येणं, मातीखाली किंवा मशीनमध्ये सापडणं, विजेचा शॉक. बांधकामावरचे बहुतेक मृत्यू या चारांत येतात.

पडणं म्हटलं की सगळ्यांना परांची आठवते. मी स्लॅबमधल्या होलवर जास्त वेळ घेतो. डक्टच्या, म्हणजे पाईप वरखाली नेण्यासाठी सोडलेल्या, होलवर प्लाय टाकलेला असतो. तो दोन्ही हातांनी उचलला की पायाखालचं दिसत नाही आणि पुढचं पाऊल थेट होलात जातं. हे मी प्लाय धरून, चालून दाखवतो. बंगालमधल्या मालदाच्या एका पोराला विचारलं, "प्लाय हटाने से पहले क्या करेगा?"

"सुपरवायझर को बुलाएगा, साहब."

दुपारी नवव्या मजल्यावर त्यानेच प्लाय उचलला.

वाचला तो जाळीमुळे. आमचे फिटर मुकादम, म्हणजे सळई बांधणाऱ्यांचे मुकादम, डक्टच्या जागी सळई कापत नाहीत. ८ एमएमची जाळी १५० एमएमच्या अंतराने सलग पुढे नेतात आणि प्लंबिंग सुरू होईपर्यंत कोणाला हात लावू देत नाहीत. पोराचा पाय मांडीपर्यंत आत गेला, नडगी सोलली, तेवढ्यावर निभावलं. खालच्या मजल्यांवरची जाळी पाईपवाल्यांनी आधीच कापली होती. ड्रॉइंगमध्ये नसलेली ही गोष्ट त्या माणसाने स्वतःच्या हिमतीवर पाळली, याचं मला फार मोल वाटतं.

ड्रेसिंग चालू असताना पोराला विचारलं, सकाळचं आठवत नव्हतं का?

"याद था साहब. ये तो शटरिंग का प्लाय लगा."

खरंच होतं. होलवरच्या प्लायला लाल रंग हवा, चारी कोपऱ्यांना खिळे हवेत, सरकू नये म्हणून खालून पट्ट्या हव्यात. इथे सिमेंटने माखलेला साधा प्लाय नुसता टाकलेला. गँगला पैसे स्क्वेअर फुटावर मिळतात. मोकळा दिसलेला प्रत्येक प्लाय त्यांच्यासाठी वरच्या स्लॅबचा माल.

ऑफिसने रिपोर्टमध्ये कारण लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा', आणि पुरावा म्हणून इंडक्शनच्या रजिस्टरवरची त्याची सही जोडली. ती सही घेतली होती शिकवण्यासाठी, त्याच्यावर ढकलण्यासाठी नव्हे. मी रिपोर्टवर सही केली नाही.

आता प्रत्येक होलवर बोल्ट केलेली चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीची लोखंडी प्लेट, मागितली आहे. ती शटरिंगच्या कामाची नाही, त्यामुळे कोणी उचलणार नाही. बिलिंगवाले विचारतात, खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा. कुठल्याही टाका, पुढचा स्लॅब शनिवारी आहे.