रेवाचा उजव्या रेनवरचा शोल्डर-इन ट्रॉटमध्ये टिकला

रेवा ही घोडी उजव्या रेनवरचा (रिंगणात उजवीकडे वळत फिरतानाचा) शोल्डर-इन, म्हणजे अंग आत वाकवून खांदे कडेच्या रेषेपासून थोडे आत ठेवत पुढे जाण्याचा व्यायाम, वॉकमध्ये (संथ चालीत) गेले काही महिने व्यवस्थित करते आहे, परंतु ट्रॉट (दुडकी चाल) सुरू झाला की थोड्याच पावलांत तिची लय तुटायची आणि खांदे पुन्हा कडेच्या रेषेवर जाऊन बसायचे. आज 60 मीटरच्या रिंगणात कडेवरच्या 'के' या खुणेच्या अक्षरापासून 'ई'पर्यंत, म्हणजे सलग 24 मीटर, तिने तो कोन न सोडता आणि वेग न बदलता पार पाडला. थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा मागितला, तेव्हाही तितक्याच शांतपणे दिला.

ज्यांचे घोडे या टप्प्यावर आहेत त्यांना ही अडचण ओळखीची असेल. बहुतेक घोडे उपजतच एका बाजूला सहज वळतात आणि दुसऱ्या बाजूला ताठ राहतात. रेवा डावीकडे सहज वळते. उजवीकडे वाकायचे तर तिच्या डाव्या अंगाचे स्नायू ताणले जावे लागतात. ते टाळण्यासाठी ती उजव्या लगामावर भार टाकते आणि डाव्या लगामाचा संपर्क सोडून देते. अशा वेळी उजवा लगाम ओढून मान आत आणता येते, पण त्याने फक्त मानच वळते, खांदे होते तिथेच राहतात आणि मागचा आतला पाय पोटाखाली येण्याऐवजी आखूड पडू लागतो. म्हणून आजचा सगळा सराव मी बाहेरच्या, म्हणजे डाव्या लगामाभोवती आखला होता.

सुरुवातीला सैल लगामावर भरपूर वॉक केला. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापुढे पडू लागला आणि तिची पाठ डोलू लागली, तेव्हाच लगाम हळूहळू हातात घेतले. त्यानंतर 20 मीटरच्या वर्तुळावर ट्रॉट आणि वॉक यांची आलटून पालटून संक्रमणे केली. प्रत्येक संक्रमणाआधी आतल्या पायाने तिला बाहेरच्या लगामात पाठवायचे, बाहेरची मूठ क्षणभर मिटायची, बैठक स्थिर करायची आणि लगेच सैल सोडायचे, एवढेच सूत्र ठेवले. हाफ-हॉल्टमध्ये, म्हणजे या क्षणभर आवरण्यात, हा सोडण्याचा क्षण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण घोड्याला उत्तर बरोबर आल्याचे तिथेच कळते. हळूहळू डाव्या हातात तिचे तोंड जाणवू लागले आणि उजव्या हातातले ओझे उतरले. एरवी उजवीकडे वळताना टवकारून पुढे खिळलेले तिचे कानही आता सैल होऊन माझ्याकडे वळत होते.

मग कोपरा नीट भरून 'के'पाशी 10 मीटरचे वर्तुळ घेतले. त्या वर्तुळातून मिळालेला बाक तसाच ठेवून, जणू दुसरे वर्तुळ सुरू करायचे आहे अशा पहिल्या पावलाला बाहेरच्या लगामाने हाफ-हॉल्ट दिला आणि तंगाजवळच्या (खोगीर बांधणाऱ्या पट्ट्याजवळच्या) माझ्या उजव्या पायाने तिला कडेच्या रेषेने पुढे पाठवले. माझा डावा पाय तंगाच्या किंचित मागे, पुठ्ठा बाहेर फेकला जाऊ नये एवढ्यापुरताच होता. स्वतःचे खांदे तिच्या खांद्यांना समांतर ठेवले की आतल्या लगामाची गरज आपोआप कमी होते, हे आज फार स्पष्टपणे जाणवले. मध्येच मी उजवा हात आयाळीकडे पुढे नेऊन लगाम पूर्ण सैल सोडला, तरी बाक आणि कोन दोन्ही कायम राहिले.

रिंगणातली वाळू नुकतीच सारखी केलेली असल्याने खुरांचे ठसे नंतर वाचता आले. कडेला मागच्या बाहेरच्या पायाची ओळ, मध्ये मागचा आतला आणि पुढचा बाहेरचा पाय यांची एकच ओळ, आणि आत पुढच्या आतल्या पायाची तिसरी ओळ: साधारण 30 अंशांच्या कोनात जे तीन मार्ग दिसायला हवेत, ते बहुतेक अंतरभर स्वच्छ उमटले होते. फक्त 'ई' जवळ आल्यावर चौथी ओळ फुटू लागली होती, म्हणजे तिथे कोन किंचित वाढला होता.

शोल्डर-इन संपल्यावर तिला लगेच कर्णरेषेवर काढून मीडियम ट्रॉट (लांब पावलांची दुडकी) मागितला. संकलनाकडे (भार मागच्या पायांवर घेऊन आवरून चालण्याकडे) नेणाऱ्या व्यायामानंतर पुढे जाण्याची इच्छा ताजी ठेवली नाही तर आवेग विझतो, असे माझे ठाम मत आहे. आज तो ट्रॉट खांद्यातून मोकळा, पाठीतून उसळणारा आला आणि ती दीर्घ फुरफुरली. कँटर (हलकी दौड) दोन्ही बाजूंना थोडाच केला. डावा रेन आज मुद्दाम हलका ठेवला, कारण तिथे शिकवण्यापेक्षा राखण्याचेच काम आहे.

खोगीर उतरवल्यावर त्याखालचे पॅड पाहिले. घामाचे डाग दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे होते. पूर्वी उजवी बाजू अधिक ओली असायची. खरारा करताना डाव्या बरगड्यांमागचे स्नायूही मऊ लागले.

यापुढे शोल्डर-इनच्या मध्येच 10 मीटरचे वर्तुळ घेऊन पुन्हा त्याच कोनात यायचे, असा क्रम ठेवणार आहे, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत कोन वाढण्याआधी बाक ताजा होईल. हा क्रम ट्रॉटमध्ये स्थिरावेपर्यंत उजव्या रेनवर ट्रॅव्हर्स (पुठ्ठा आत आणून चालण्याचा व्यायाम) सुरू करणार नाही.