भीमाशंकरला मुलांना घेऊन: आधी रान, मग देऊळ

पुण्याहून भीमाशंकरला जाणारी बहुतेक कुटुंबं पायऱ्या उतरतात, रांगेत उभी राहतात, दर्शन घेतात, भजी खातात आणि धापा टाकत पायऱ्या चढून गाडी गाठतात. देवळाभोवतीचं सुमारे १३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य (१९८५ साली जाहीर झालेलं) काचेतूनच मागे पडतं. बरोबर सहा ते बारा वर्षांची पोरं असतील तर क्रम उलटा करा. शेकरू (इथली झाडावरची मोठी खार) सकाळी हिंडतं आणि उन्हं तापली की फांदीवर पसरून पडतं. पोरांचंही साधारण तसंच असतं.

म्हणजे पहाटे साडेचार-पाचला निघायचं. उशीर झाला तर चाकणची कोंडी तास खाते. पुढे राजगुरुनगरहून वाड्याकडून जा किंवा मंचर-घोडेगाव-डिंभे करून, दोन्ही रस्ते तळेघरला मिळतात आणि दोन्हींवर वळणं भरपूर. ज्याला गाडी लागते त्याला डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याआधी अर्धा तास द्या, दूध देऊ नका, कोरडी पोळी चालेल. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि जोडून आलेल्या सुट्ट्या सरळ सोडून द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात धुकं, शेवाळलेला दगड आणि ओढ्याला अचानक येणारं पाणी हे सगळं एकदम येतं, शिवाय वन विभाग काही वाटा बंद ठेवतो. निघण्यापूर्वी चौकशी करा.

पहिल्या खेपेला गुप्त भीमाशंकरची, म्हणजे रानातल्या ओढ्याकाठच्या शिवलिंगाची, वाट धरावी. देवळापासून दीड-दोन किलोमीटर, बराचसा भाग दाट सावलीतला, बाजूला ओढा. मेख एकच: जाताना उतार आहे, येताना चढ. पोरं जाताना उड्या मारत जातात आणि पालकांना वाटतं, अजून बरंच जमेल. सात वर्षांचं मूल रानवाटेवर थांबत-थांबत तासाला दीड किलोमीटर चालतं, चढावर त्याहून कमी. म्हणून अंतर मोजत बसू नका, घड्याळ बघा. एकूण तीन तास हाताशी असतील तर एक तास झाला की असाल तिथून परत फिरा. ठरवलेलं ठिकाण गाठलं नाही तरी बिघडत नाही. नागफणीचा कडा मात्र लहानांसाठी नव्हे. वर वारा जोराचा असतो आणि धुकं उतरलं की कड्याची धार दिसत नाही.

शेकरू शोधायचं तर नजर वर आणि तोंड बंद. आधी घरटं सापडतं: उंच झाडाच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा फुटबॉलपेक्षा मोठा गोळा. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे आत कुणी आहेच असं नाही. झाडाखाली ताज्या कुरतडलेल्या सालींचा, फळांचा चुरा पडलेला असेल तर तिथे वीस मिनिटं बसा. वरून खडखडाटी ओरडणं ऐकू आलं तर त्याने तुम्हाला आधीच पाहिलंय, हलू नका. मग तपकिरी-तांबूस पाठ, फिकट पोट आणि अंगाहून लांब झुपकेदार शेपूट दिसते. दुर्बीण द्यायची तर ८×३०ची (आठपट मोठं दाखवणारी, ३० मिलिमीटर भिंगाची) हलकी द्या, जड दुर्बीण पाच मिनिटांत आईच्या गळ्यात येते.

चिप्सची पाकिटं नेऊ नका. पाकीट चुरचुरलं की देवळाजवळची माकडं वळून बघतात, पिशवीवर झडप ठरलेली. दशमी, चटणी, केळी, खजूर, चिक्की डब्यात न्या. पाणी मोठ्याला दोन लिटर, मुलाला एक, आणि मुलाच्या पाठीवरचं ओझं त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून कमी.

बूट नवे असतील तर आधी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर दोन-तीनदा घालून फिरवा. चाचणी उतारावर होते. बोटं पुढे आपटत असतील तर बूट लहान आहे किंवा घोट्याजवळची नाडी सैल आहे. नखं आदल्या दिवशी कापा. सुक्या पानांवर आणि घसाऱ्यावर (सुट्या माती-खड्यांच्या उतारावर) मुलं टाचेवर जोर देऊन मागे झुकतात आणि तिथेच घसरतात; गुडघे किंचित वाकवून, पूर्ण पाऊल टेकवत छोटी पावलं टाकायला सांगा. उतारावर मोठं माणूस मुलाच्या खालच्या बाजूला हवं. मागून हात धरला तर दोघंही पडतात.

ढोरवाटा फसव्या. मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या दिसतात, शंभर पावलांवर करवंदीच्या जाळीत शिरून फुटतात. फांद्या मोठ्या माणसाच्या छातीला लागू लागल्या की वाट ढोरांची समजा आणि फिरा. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी हवी. त्याला सांगून ठेवा: चुकलास तर जागा सोडायची नाही, झाडाला धरून बसायचं, तीनदा शिट्टी वाजवायची. मोबाइलच्या रेंजवर भिस्त ठेवू नका.

त्रास देणाऱ्या गोष्टींत बिबट्या शेवटचा. दिवाळीनंतर उघड्या माळावर कुसळं मोज्यांत शिरतात. गुळगुळीत नायलॉनची पँट मोज्यांवर ओढून घेतली की निभतं. खाजकुइलीच्या शेंगा सोनेरी मखमलीसारख्या दिसतात आणि पोराचा हात नेमका तिथे जातो. चोळायचं नाही. चिकटपट्टी दाबून-उपटून लव काढा, मग साबणाने धुवा आणि कपडे बदला. आग्या मोहोळ कड्याला किंवा उंच झाडाला लटकतं. अत्तर, धूर, दगड आणि आरडाओरड या चारांपैकी काहीही नको. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं झाका आणि थांबून झटकत बसण्यापेक्षा दूर पळा. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं नाही. अवयव हलू न देता उचलून न्या, १०८ला फोन लावा.

झाडांवरचे हिरडे तोडू नका. इथल्या आदिवासी घरांची बाळहिरड्यावर (कोवळ्या हिरड्यावर) कमाई असते, आणि पर्यटकाने मूठभर हिरडे खिशात घातले तरी त्याला त्यांचा काहीच उपयोग होत नाही.

अकराच्या सुमारास वर आलात की मग दर्शनाची रांग. घरी पोचल्यावर आंघोळीआधी मुलांच्या काखा, जांघा, कानामागची जागा तपासा. गोचीड चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा, रॉकेल किंवा पेटती काडी नको.