ओम्नीच्या भंगारातून हलकी गाडी : सहावी नोंद, सांगाड्याचा पीळ

मागची नोंद पोळा झाल्यावर लिहिली होती. त्यानंतर कापसाच्या वेचणीत आणि तुरीच्या सवंगणीत गाडीला हात लावण्यास सवड मिळाली नाही. दारव्हा तालुक्यात शेती सांभाळून असा छंद जोपासणाऱ्याचे वेळापत्रक पऱ्हाटीच ठरवते. गेल्या दोन महिन्यांत मात्र काम बरेच पुढे सरकले आहे आणि त्यातील दोन गोष्टी मी चुकून शिकलो असल्याने त्या सविस्तर लिहितो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचे, तर १९५७ साली आलेल्या आणि १९७३ पासून केटरहॅम कंपनीकडे गेलेल्या लोटस सेव्हन या ब्रिटिश गाडीच्या धर्तीवर दोन आसनांची उघडी गाडी बांधण्याचा हा प्रयत्न आहे. अवयवदाता म्हणून १९९८ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ओम्नी घेतली आहे. मारुती ८०० स्वस्तात मिळत होती, पण तिचे इंजिन आडवे असून ओढ पुढच्या चाकांना आहे. ओम्नीत तेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन पुढच्या आसनांखाली लांबीच्या दिशेने बसते आणि प्रोपेलर शाफ्टमार्फत मागची चाके फिरवते. म्हणजे आपल्याला हवी ती मांडणी आयतीच हाती येते. ताकद जेमतेम ३७ अश्वशक्ती आहे. सुमारे ७८५ किलोच्या ओम्नीत ती टनामागे ४७ भरते, पण गाडी ४५० किलोत बसवता आली तर तीच ८२ वर जाते, आणि म्हणूनच या कामात इंजिनापेक्षा तराजूकडे माझे अधिक लक्ष असते. आमच्या शेजारच्या काकांना हा हिशेब अजून पटलेला नाही. "काहून कापली बाप्पा चांगली गाडी?" हा त्यांचा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच.

ही गाडी रस्त्यावर जाणार नाही, हे पुन्हा नोंदवून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले आहे. त्यामुळे ओम्नीची नोंदणी मी रीतसर रद्द करून घेतली असून गाडी फक्त स्वतःच्या शेतात आणि परवानगी घेऊन एका जिनिंगच्या आवारात चालवायची आहे.

आता पहिली चूक. सांगाडा जुळवण्यासाठी गोठ्यात लोखंडी मेज बांधले होते, त्याचे चारही पाय फरशीवर टेकवून पाणनळीने सपाटी घेतली होती आणि तेव्हा दोन्ही कर्णांची मापे मिलिमीटरपर्यंत जुळत होती. दिवाळीनंतर पुन्हा माप घेतले, तेव्हा मेजाचा एक कोपरा ६ मिमी वर उचललेला आढळला. दोष मेजाचा नव्हता. काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेली पातळ फरशी तिच्यासोबत वरखाली होते, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी सांगायला नको होते. आता मेज तीन पायांवर घेतले आहे. फरशी कशीही हलली तरी तीन पाय टेकलेलेच राहतात. मेज फार तर कलते, पण पिळत नाही. सुदैवाने तोवर सांगाड्याला फक्त टाके मारलेले होते, त्यामुळे सात जोड ग्राइंडरने तोडून पुन्हा बसविण्यावर भागले.

वेल्डिंगबाबत एवढेच सांगतो की, गहू-हरभऱ्याचे ओलीत सुरू असताना गावात मोटारी लागल्या की घरचा दाब १७० व्होल्टच्या आसपास येतो, इन्व्हर्टर मशीनचा कंस धड पेटत नाही आणि वरून सुबक दिसणारा जोड आतून कच्चा राहतो. म्हणून मोटारी बंद असतानाच मी मशीन लावतो आणि प्रत्येक वेळी आधी त्याच पाईपचे दोन तुकडे जोडून हातोड्याने मोडून पाहतो. पाईप फाटला आणि जोड टिकला, तरच सांगाड्याला हात लावायचा.

सांगाडा २५ बाय २५ मिमीच्या, १.६ मिमी जाडीच्या चौकोनी पाईपचा आहे. मीटरला सुमारे १.२ किलो वजन भरते आणि पट्ट्या व कान (बोल्ट बसवण्यासाठी जोडलेले भोकाचे तुकडे) धरून संपूर्ण सांगाडा ६१ किलोचा झाला. हलकेपणा साधला, पण ताठपणाचे काय? चौकट दाबली की तिचा समांतरभुज होतो, त्रिकोण मात्र बाजू ताणल्या वा दबल्याशिवाय आकार सोडत नाही, हे तत्त्व सर्वांना ठाऊक असते. आपण ते कुठे विसरलो आहोत, हे मोजल्यावरच कळते. मी मागचे टोक मेजाला जखडले, पुढचे टोक मधोमध एका रुळावर टेकवले, पुढे आडवा पाईप बोल्टने आवळला आणि मध्यापासून बरोबर एक मीटरवर डीएपी खताचे ५० किलोचे पोते टांगले. हा पीळ सुमारे ४९० न्यूटन मीटर होतो.

टोक १९ मिमी खाली आले आणि माझा धीरच सुटला. नंतर लक्षात आले की मागची पकडही थोडी वळत असणार. म्हणून मागेही तेवढाच आडवा पाईप बांधून त्याचे सरकणे मोजले. ते ५ मिमी निघाले. म्हणजे खरा पीळ १४ मिमीचा, अर्थात ०.८ अंशाचा, आणि ताठपणा अंशामागे ६१० न्यूटन मीटरच्या घरात. एवढ्या मऊ सांगाड्यात स्प्रिंग कितीही काळजीपूर्वक निवडल्या तरी सांगाडा स्वतःच एका स्प्रिंगसारखा वागतो आणि मग चारही चाकांवरील वजनाची जुळवणी व्यर्थ ठरते.

माझ्या वेल्डर मित्राचे म्हणणे पाईप २ मिमी जाडीचा घ्यावा असे होते. तसे केले असते तर दहा-बारा किलो वाढले असते. मी त्याऐवजी एकेका चौकटीचे कर्ण मोजले. पोते टांगण्यापूर्वी आणि टांगल्यानंतर. बाकीच्या चौकटींत फरक नगण्य होता, परंतु इंजिनाच्या जागेच्या वरच्या चौकटीचा एक कर्ण लांबला होता आणि दुसरा आखडला होता. इंजिन वरून उतरवता यावे म्हणून ती चौकट मीच मोकळी ठेवली होती. तेथे आता बोल्टने काढता-घालता येणारा एक तिरपा पाईप बसविला आहे. कानांसह त्याचे वजन १.६ किलो आहे. तेच पोते, तेच अंतर, आणि मागचे सरकणे वजा जाता टोक ८ मिमी खाली आले. ताठपणा १,०७० वर गेला. बोल्टच्या भोकांत सैलपणा राहिला तर हा सगळा लाभ नाहीसा होतो, म्हणून भोके आधी लहान पाडून शेवटी रीमरने जुळवली.

पुढचे काम प्रोपेलर शाफ्टचे. तो ११० मिमी आखूड करायचा आहे. कापण्यापूर्वी पाईपवर टोकापासून टोकापर्यंत सरळ रेघ कोरून ठेवली आहे, कारण दोन्ही टोकांचे क्रॉस (कोनात वळू देणारे सांधे) एकाच पातळीत आले नाहीत, तर एका क्रॉसमुळे वेगात येणारा चढउतार दुसरा क्रॉस मिटवत नाही आणि गाडी थरथरते. गिअरबॉक्सचा आणि पिनियनचा (शाफ्ट जोडला जातो त्या एक्सलमधील दातेरी दांड्याचा) कोन समान असणेही त्यासाठी आवश्यक आहे. मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढून टाकल्यामुळे एक्सलला जागेवर धरणारे काहीच उरलेले नाही. पाटे वजन झेलण्यासोबत तेही काम करत होते. त्यामुळे आधी चार लांब दांडे आणि एक आडवा दांडा बसवून एक्सल पक्का करावा लागेल, त्यावर कोन मोजावा लागेल, आणि मगच शाफ्ट यवतमाळला खरादावर नेऊन कापून, जोडून, तोल साधून आणता येईल. आडव्या दांड्याचा कान सांगाड्याच्या मागच्या भागावर नेमका कुठे जोडावा, यावर सध्या अडलो आहे; डाव्या बाजूला जागा आहे, पण तिथे पेट्रोलची टाकी येते. ज्यांनी ओम्नीचा एक्सल वापरून असे काही केले असेल, त्यांनी टाकी कुठे ठेवली ते अवश्य कळवावे.