तेलरंगाची नोंद : काकूंचे खांदे

आरशात बघून करत होते ते स्वचित्र मागच्या रविवारी भिंतीकडे तोंड करून ठेवलं. 16 बाय 20 इंचाचा कॅनव्हास, चेहरा बरा जमलेला, पण खांदे काही केल्या बसेनात. दोनदा खरवडून पुन्हा काढले, तरी कानापाशीच. चिंधीनं पुसता पुसता आरशात पाहिलं, तर मी खरंच तशी बसले होते. खांदे वर ओढलेले, श्वास अर्धा धरलेला. आई गेल्यापासून रात्रीची धडधड आहे, गोळ्या चालू आहेत. बडोद्याच्या दांडिया बाजारासारख्या गजबजाटात राहूनही दिवसचे दिवस कुणाशी बोलणं होत नव्हतं.

म्हणून यावेळी समोर माणूस हवं होतं. शेजारच्या काकूंना विचारलं, "अर्धा तास नुसत्या बसाल का?" म्हणाल्या, "बसते की, पण तुरीच्या शेंगा सोलायच्यात गं."

तीन बैठका झाल्या. रंग चारच : पिवळा ऑकर, व्हर्मिलियन म्हणजे शेंदरी लाल, आयव्हरी ब्लॅक हा काळा, आणि पांढरा. हातावरच्या शिरांसाठी हिरवा आणायची गरजच पडली नाही. ऑकरमध्ये चिमूटभर काळा घातला की तोच हिरवट छटा देतो. बोटांच्या पेरांवर मात्र व्हर्मिलियन लागतो, शेंग फोडताना तिथे रक्त उतरतं. खालचा थर टर्पेंटाइननं पातळ ठेवलाय, वर जवसाचं तेल थोडं थोडं वाढवतेय. उलट केलं तर पुढे तडे जातात.

मागचं कपाट, कॅलेंडर, सूप सगळं ठेवलं. हे बळ चित्रकार भूपेन खक्करांकडून मिळालं. 1962 मध्ये ते आपल्या बडोद्यात आले, हिशेबनिसाची नोकरी करत रंगवत राहिले. 1972 मधला त्यांचा घड्याळजी बघा, दुकानातल्या वस्तूंनाही माणसाइतकाच मान आहे.

काकूंचे खांदे सैल, उतरते. ते काढायला मानेपासून दंडापर्यंत एकच लांब फटकारा लागतो, आणि श्वास धरून तो ओढताच येत नाही, मध्येच थरथरतो. सोडत सोडत ओढला तेव्हा जमला. त्या बैठकीत काकू त्यांच्या माहेरच्या विहिरीबद्दल बोलत होत्या आणि मी मधूनमधून विचारत होते.

डावा अंगठा अजून चुकतोय. बाजारात तुरीच्या शेंगा आहेत तोवर तो जमवायचाय.