आमची वाटचाल : ५० वॅट, २५ वॅट आणि मागचा खटका

आम्ही गिटारचे ट्यूब ॲम्प बनवतो. त्यांच्या मागच्या पट्टीवर एक खटका आहे. वर केला की पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या) पेंटोडमध्ये, म्हणजे पूर्ण ताकदीवर चालतात, खाली केला की ट्रायोडमध्ये, निम्म्या ताकदीवर. पहिल्या खेपेला आम्ही त्याच्या शेजारी '५०' आणि '२५' असे आकडे छापले. ते छापले नसते तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचली असती.

त्या वेळी आमच्याच धंद्यातल्या एकाने आमचा ॲम्प गिऱ्हाइकांपुढे ठेवून खटका वरखाली करून दाखवायला सुरुवात केली. "आवाज निम्मा झाला का? मग हे पंचवीस वॅट कुठले?" लोक हसायचे, आणि ऑर्डर तिकडे जायची. आकडे खोटे नव्हते. ८ ओहमच्या डमी लोडवर (स्पीकरऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर) ४०० हर्ट्झची साइन लाट सोडायची, स्कोपवर (लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) लाटेचं डोकं चपटं व्हायला लागलं की थांबायचं आणि व्होल्ट वाचायचे. खटका वर असताना २०, खाली असताना १४. वीसचा वर्ग भागिले आठ, पन्नास. चौदाचा वर्ग भागिले आठ, साडेचोवीस. पण वॅट निम्मे झाले की आवाज उतरतो फक्त ३ डेसिबल. कानाला निम्मा वाटायचा तर साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे वॅट दहाव्या हिश्श्यावर, ५ वर. हे त्या गृहस्थांना पुरेपूर माहीत होतं, म्हणून राग अजून जात नाही.

खटका आवाज कमी करण्यासाठी नव्हताच. ट्रायोडमध्ये स्क्रीन ग्रिड (ट्यूबमधली दुसरी जाळी) १०० ओहम, १ वॅटच्या रेझिस्टरमधून प्लेटला (करंट गोळा करणाऱ्या पत्र्याला) जोडली जाते. मग स्क्रीनचा व्होल्टेज स्थिर न राहता प्लेटबरोबर हलतो. ग्रिडला (सिग्नल घेणाऱ्या पहिल्या जाळीला) लागणारा सिग्नल जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे व्हॉल्यूमच्या साधारण त्याच जागी ट्यूब वाकायला, म्हणजे आवाज फाटायला लागते, पण स्पीकरकडे निम्मी ताकद जाते. वरच्या सुरांची काच उतरते, नखाचा ठोका मऊ होतो, नोट थोडी दबून मग फुलते. कुणाला हे आवडतं, कुणाला मेणचट वाटतं. आमच्या मते छोट्या खोलीत आणि सिंगल कॉइल पिकअपवर ट्रायोड, दोन गिटार आणि ड्रम असतील तर पेंटोड. एक सूचना मात्र आम्ही ॲम्पवरच चिकटवतो: खटका हलवायचा तो स्टँडबायवर, म्हणजे ट्यूब तापलेल्या पण वरचा व्होल्टेज बंद असताना. २५० व्होल्ट एसीचा साधा टॉगल ४६० व्होल्ट डीसीवर चालू ॲम्पमध्ये ओढला की आत ठिणगी पडते, आणि काही दिवसांनी खटका मधेच कुठेतरी अडकून बसतो.

सुरुवात दुरुस्तीपासून झाली. एक मल्टिमीटर, एक जुना स्कोप, हीटसिंकवर बसवलेले ८ ओहमचे रेझिस्टर, मेनच्या वाटेत सिरीजमध्ये लावलेला १०० वॅटचा बल्ब आणि ट्यूबचे पाय, सॉकेट हलवून बघायला एक लाकडी काडी. बल्ब आजही आहे. अनोळखी ॲम्प आधी त्याच्यावरच लागतो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जायचं, लख्ख पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे.

जोडीदार होते ते आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूबची ताकद स्पीकरपर्यंत नेणारा) गुंडाळणारे. हातमशीन, आकडे मोजणारा काटा, आणि बॉबिनवर एकेक थर कागद घालून. प्रायमरी (ट्यूबकडची गुंडाळी) एकसलग कधीच गुंडाळायचे नाहीत. तुकडे करून मधे मधे सेकंडरी (स्पीकरकडची) घालायचे, नाहीतर वरचे सूर गळतात. ईएल३४ या जातीच्या दोन पॉवर ट्यूबसाठी प्लेट ते प्लेट ३.४ के, म्हणजे ३,४०० ओहम. बॉबिनवर बाहेरच्या थरांचा घेर मोठा, म्हणून प्रायमरीच्या दोन अर्ध्यांचा डीसी रेझिस्टन्स कधीच सारखा येत नाही. आमच्याकडे एक अर्धा ३८ ओहम, दुसरा ४४. बायस (ट्यूब शांत असताना किती करंट ओढेल ते ठरवणारा ग्रिडवरचा उणे व्होल्टेज) मोजताना ट्रान्सफॉर्मरवरचा व्होल्टेज बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: एका बाजूला १.४४ व्होल्ट आणि दुसरीकडे १.६७ दिसले, तरी दोन्ही ट्यूब ३८ मिलिअँपिअरच ओढत असतात. दोन्हीकडे एकच रेझिस्टन्स धरून किती चांगल्या जोड्या लोकांनी 'मॅच नाहीत' म्हणून फेकल्या असतील!

आम्ही कॅथोड (ट्यूबमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) आणि ग्राउंडच्या मधे १ ओहमचा रेझिस्टर लावतो. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर, हिशोब संपला. त्यात स्क्रीनचा करंटही मोजला जातो, तो चारपाच मिलिअँपिअर वजा करायचा.

ट्यूब कोणती, हा प्रश्न रोज येतो. ईएल३४ म्हणजे मधल्या सुरांची गुरगुर, ६एल६ म्हणजे स्वच्छ आणि रुंद, ६व्ही६ लवकर फुटते, ईएल८४ किणकिणते, हे सगळ्यांना पाठ आहे. यातलं निम्मं श्रेय ट्यूबचं नसून सर्किटचं आहे. ज्या ॲम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) भरपूर आहे, तिथे आवाज स्वच्छ असेपर्यंत ईएल३४ आणि ६एल६जीसी ओळखणं अवघड जातं. फीडबॅक सगळं सपाट करून टाकतो. फरक उघडा पडतो तो ट्यूब वाकल्यावर. व्हॉक्स एसी३० मध्ये चार ईएल८४ कॅथोड बायसवर आहेत आणि फीडबॅक नाही, म्हणून तिथे ट्यूबचा स्वभाव पहिल्या कॉर्डपासून कानावर येतो. मार्शलचा पहिला जेटीएम४५ तर फेंडरच्या बेसमन ५एफ६-ए या सर्किटवरूनच बेतलेला. पुढे त्यात केटी६६ आल्या, मग ईएल३४, आणि आवाज वेगळ्याच घराण्याचा झाला. पण त्यात ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचा वाटा ट्यूबपेक्षा कमी नव्हता.

ईएल३४ लवकर का रंगात येते त्याचं कारण साधं आहे. तिचा ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे ग्रिडवर एक व्होल्ट हलला की करंट किती हलतो तो, सुमारे ११ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट, ६एल६जीसीचा ६ च्या आसपास. आपल्या व्होल्टेजवर ईएल३४ ला उणे ३५ ते ४० बायस पुरतो, ६एल६ ला उणे ४५ ते ५५ लागतो. म्हणजे फेज इन्व्हर्टरकडून (पॉवर ट्यूबच्या दोन बाजूंना सुलट आणि उलट सिग्नल देणाऱ्या टप्प्याकडून) येणारा तोच सिग्नल ईएल३४ ला आधी टोकाला नेतो.

एक काढून दुसरी लावायची असेल तर नुसते पाय जुळतात म्हणून लावू नका. ईएल३४ चा पाय १ म्हणजे सप्रेसर ग्रिड. तो पाय ८ ला, कॅथोडला जोडलेला हवा, आणि ६एल६ साठी वायर केलेल्या कित्येक सॉकेटवर तो मोकळा असतो किंवा भलत्याच वायरचा टेकू म्हणून वापरलेला असतो. ईएल३४ चा हीटर १.५ अँपिअर घेतो, ६एल६जीसीचा ०.९; चार ट्यूबला २.४ अँपिअर जादा, आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर तेवढ्यासाठी नसेल तर तो तापतो. स्क्रीनवर ४७० ओहम ६एल६ ला चालतात, ईएल३४ ला १ के, ५ वॅट लावा, कारण ती जोरात वाजताना स्क्रीनच आधी जळते. बायस तर पुन्हा लावायलाच हवा. ४६० व्होल्टवर प्लेटच्या कमाल वॅटच्या ७० टक्के धरले तर ईएल३४ चे (कमाल २५ वॅट) ३८ मिलिअँपिअर, ६एल६जीसीचे (कमाल ३० वॅट) ४५. आणि ६व्ही६ या व्होल्टेजवर लावून 'कमी वॅटचा आवाज' शोधणाऱ्यांना हात जोडून सांगतो, की ती १२ वॅटची आहे. एखादा आठवडा छान वाजेल.

आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक ब्ल्यूज वाजवतात. त्यांचा ट्विन रिव्हर्ब आहे: चार ६एल६जीसी, ८५ वॅट, दोन ८ ओहमचे स्पीकर पॅरललमध्ये, म्हणजे ४ ओहम. त्यांची तक्रार एकच, ॲम्प रंगात येईपर्यंत लोक उठून जातात. त्यांना दोन ट्यूब काढायला सांगितलं. पण कोणत्या, हे महत्त्वाचं. ट्यूब पुश-पुलमध्ये, म्हणजे दोन बाजूंनी अर्धी अर्धी लाट सांभाळत चालतात, तर प्रत्येक बाजूची एकेक काढायची; मधल्या दोन किंवा कडेच्या दोन. एकाच बाजूच्या दोन्ही निघाल्या तर अर्धी लाटच नाहीशी होते. चारच्या दोन झाल्या की ट्यूबना दुप्पट इम्पीडन्स हवा, म्हणून त्यांचा एक स्पीकरही सोडवला: आता ४ ओहमच्या ट्रान्सफॉर्मरवर ८ ओहम, हिशोब बरोबर. सुमारे ४० वॅट एकट्या स्पीकरवर येतात, तेवढे तो झेलतो का ते आधी बघितलं. ट्यूब कमी झाल्याने प्लेटचा व्होल्टेज चढला, म्हणून बायस परत मोजला. वेगळ्या कॅबिनेटवर चालणाऱ्या १०० वॅटच्या ॲम्पला हाच नियम: दोन ट्यूब काढल्या की १६ ओहमचं कॅबिनेट असेल तर सिलेक्टर ८ वर.

तेव्हापासून ते दरवर्षी येतात. आम्ही त्यांच्या ट्यूबचे आकडे एका वहीत लिहून ठेवतो. त्यांना गिटारइतकीच ती वही वाचायला आवडते.

त्यानंतरची बरीच वर्षं नीट गेली.

मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंदी घातली आणि सारातोवच्या कारखान्यातून येणाऱ्या ट्यूब अडकल्या. गिटारच्या पॉवर ट्यूब बनवणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी भार स्लोव्हाकिया आणि चीनवर आला, आणि आमच्या नेहमीच्या ट्यूब मिळेनात. एका नव्या पुरवठादाराकडून 'मॅच्ड' छापलेल्या ईएल३४ च्या १६ जोड्या घेतल्या, ॲम्पमध्ये बसवल्या, बायस लावला, पाठवले. दोन महिन्यांत ९ परत आले.

बेंचवर दिसलं ते असं. चालू केल्यावर ३८ मिलिअँपिअर. दहा मिनिटांनी ४४. पंचवीस मिनिटांनी ६०, आणि प्लेटच्या शिवणीपाशी मंद लाल डाग. ४६० गुणिले ६० म्हणजे २७ वॅटच्या वर, ट्यूब २५ ची. बायस सप्लाय तपासला तर उणे ३७, जागचा हलला नाही. पण ट्यूबच्या पाय ५ वर, म्हणजे ग्रिडवर, उणे ३१. मधले ६ व्होल्ट बायस सप्लाय आणि ग्रिडमधल्या २२० केच्या रेझिस्टरवर पडत होते, म्हणजे ग्रिडमधून सुमारे २७ मायक्रोअँपिअर वाहत होते. ट्यूबमध्ये वायू राहिला होता. कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्याचा सिग्नल पुढे सोडणारा आणि डीसी अडवणारा) गळतो तेव्हाही असंच दिसतं. म्हणून ट्यूब काढून पाय ५ परत मोजायचा. ट्यूब नसतानाही व्होल्टेज कमीच असेल तर कपॅसिटर बदला, जागेवर आला तर दोष ट्यूबचा. आमचा जागेवर आला.

पुरवठादाराचं उत्तर एका ओळीचं: तुमचा बायस जास्त आहे. आकडे पाठवले, फोटो पाठवले. पुढे उत्तर नाही.

तीन ॲम्पमध्ये ट्यूब पूर्ण शॉर्ट होऊन आउटपुट ट्रान्सफॉर्मरही गेला होता, आणि तो दोष आमचा. एचटीचा (प्लेटच्या उच्च व्होल्टेजचा) फ्यूज आम्ही १ अँपिअरचा लावत होतो. ५० वॅटचा ॲम्प पूर्ण जोरात पाव अँपिअरच्या आसपास घेतो. ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो असता तर तार वाचली असती. जोडीदारांनी तिन्ही ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळले आणि मजुरी घेतली नाही. सगळ्या १६ ॲम्पच्या ट्यूब आम्ही आमच्या खर्चाने बदलल्या. सहा महिने नवा ॲम्प बनला नाही. दुरुस्तीवर दिवे चालू राहिले. त्या काळात 'त्यांचे ॲम्प लाल होतात' हे वाक्य कोणी पसरवलं ते सांगायला नको.

त्यानंतर सर्किटमध्ये बदल केला. ग्रिडचे २२० केचे रेझिस्टर १०० केवर आणले. तेवढाच चुकार करंट आता निम्म्याहून कमी व्होल्ट ढकलतो. ६एल६जीसीच्या डेटाशीटमध्ये फिक्स्ड बायससाठी मर्यादा १०० केचीच आहे, तरी दुनिया २२० के लावते. नुसता रेझिस्टर बदलला तर खर्ज पातळ होतो: ०.०२२ मायक्रोफॅरडबरोबर कापण्याची जागा ३३ हर्ट्झवरून ७२ वर चढते. म्हणून कपॅसिटर ०.०४७ चा घेतला, ती ३४ वर आली. फेज इन्व्हर्टरवर थोडा भार वाढतो, तो आम्ही स्वीकारला. प्रत्येक ट्यूब आता आमच्याच बेंचवर ४६० व्होल्टला ४८ तास तापते आणि मगच तिची जोडी लागते. कमी व्होल्टेजवर केलेली मॅचिंग आमच्या उपयोगाची नाही.

विचारलं नाही तरी सांगतो. आवाजच कमी करायचा असेल तर खटक्याआधी स्पीकर बदलून बघा. १०० डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरच्या जागी ९७ चा लावला की निम्मे वॅट केल्याइतकाच आवाज उतरतो आणि ट्यूबला पत्ताही लागत नाही. ॲटेन्युएटर (ॲम्प आणि स्पीकरच्या मधे ताकद खाणारा डबा) लावून रात्रभर व्हॉल्यूम दहावर ठेवून वाजवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की शेजारी झोपतात पण ट्यूब पूर्ण जोरातच राबतात. प्रीॲम्पनंतरचा मास्टर व्हॉल्यूम खाली ठेवून 'पॉवर ट्यूबचा ड्राइव्ह' मिळत नाही, तो सगळा प्रीॲम्पचा असतो. आणि स्पीकरला गिटारची केबल लावू नका. ती आतून तुटली की ट्रान्सफॉर्मर बिनलोड राहतो, व्होल्टेज उसळतो आणि सॉकेटच्या पाय ३ (प्लेट) वरून पाय २ (हीटर) कडे ठिणगी धावते. तिथे एकदा काळी रेघ उमटली की ती घासून जात नाही. सॉकेटच बदलावं लागतं.

खटक्याशेजारचे आकडे आम्ही काढून टाकले. आता तिथे नुसतं 'पेंटोड' आणि 'ट्रायोड' आहे. त्या गृहस्थांच्या नव्या ॲम्पवरही मागे एक खटका आलाय, त्यावर 'फुल' आणि 'हाफ' लिहिलंय.